लाजाळूच्या देठातलं मीठ

गेल्या डिसेंबरात कोकणातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेले होते. आठवीतल्या एका मुलीने कुंडीत लाजाळू लावून आणली होती. मागच्या तक्त्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘झाडांना जीव असतो, हा शोध जगदीशचंद्र बोस यांनी लावला.’ मी तिला विचारलं, "तुझ्या आजीला परसातल्या फणसाला जीव आहे हे कुणी सांगितलं गं?" ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "बाई, म्हणजे तक्ता चुकलाय का?"

चूक तिची नव्हती. हेच वाक्य मीही लहानपणी पाठ केलं आहे आणि आज ते मोबाइलवर दर काही दिवसांनी फिरत येतं. झाड उगवतं, वाढतं, वठतं हे माणसाने पहिलं बी पेरलं तेव्हापासून त्याला ठाऊक आहे. बोसांच्या नावावर हा शोध टाकला की त्यांचं खरं काम झाकलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांनी विचारलेला प्रश्न कितीतरी अवघड होता. झाडाच्या एका टोकाला काही झालं, तर ती खबर दुसऱ्या टोकाला कशी पोचते? ना मेंदू, ना नसा. मग निरोप कोण नेतं?

उत्तर शोधायला लाजाळूइतकी चांगली वनस्पती नाही. मूळची ती अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, पण आता आपल्याकडे जांभ्या दगडाच्या गडग्यांवर आणि रस्त्याच्या कडेला तिने चांगलाच जम बसवला आहे. एक भिंग घ्या आणि तिच्यासमोर उकिडवे बसा. मुख्य देठाच्या टोकाला बहुधा चार पिसं असतात आणि प्रत्येक पिसावर दोन्ही बाजूंनी बारीक पर्णिकांच्या जोड्या. देठ खोडाला जिथे चिकटतो तिथे एक फुगीर गाठ दिसेल. पीस देठाला जोडलेलं असतं तिथे तशीच, पण लहान. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी तर टाचणीच्या टोकाएवढी. या गाठीला पल्विनस म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उशी. लाजाळूची सगळी हालचाल या उशांमध्ये होते. मधला देठ आणि पातं नुसते त्यांच्याबरोबर फिरतात, बिजागरीवर दार फिरतं तसे.

आता पेन्सिलीच्या टोकाने टोकाकडच्या एकाच जोडीला हलका स्पर्श करा. ती जोडी मिटते, मग शेजारची, मग तिच्या शेजारची. कुणीतरी ओळीने खिडक्या लावत जावं तसं. जरा जोरात टिचकी मारली तर पिसं एकमेकांजवळ येतात आणि अख्खा देठ मान टाकतो. पेटती काडी एका पर्णिकेजवळ नेली तर खबर खोडापर्यंत जाते आणि वरखालची न शिवलेली पानंही मिटतात. (मुलांनी हे एकट्याने करू नये.) स्पर्शाची ही लहर सेकंदाला साधारण दोन-तीन सेंटीमीटर सरकते. १८५० साली हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेतला वेग मोजला तेव्हा तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला होता. आपल्या सर्वांत वेगवान नसांत तो १०० मीटरच्या घरात जातो. लाजाळूच्या वेगाने आपला कारभार चालला असता, तर पायात काटा रुतल्याची बातमी डोक्यापर्यंत पोचायला जवळजवळ एक मिनिट लागलं असतं.

वेग वेगळा, पण लहर दोन्हीकडे विजेचीच. आणि ही वीज तयार कशी होते, तिथेच मला या विषयाचं वेड लागलं. इथे थोडा जमाखर्च मांडावा लागेल.

आधी आपली चेतापेशी. ती स्वस्थ असते तेव्हा तिची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. बाहेर सोडियम भरपूर, आत पोटॅशियम भरपूर. चेतना मिळाली की पेशीच्या पातळ आवरणातली, म्हणजे पटलातली, सोडियमची दारं उघडतात आणि धनभारित सोडियम आयन आत घुसतात. क्षणभर आतली बाजू धन होते. लगेच सोडियमची दारं बंद होतात, पोटॅशियमची उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि आतली बाजू पुन्हा ऋण होते. हीच घडामोड शेजारच्या तुकड्यात होते, मग त्याच्या पुढच्या, आणि लहर पुढे जाते. आता हिशोब करा. आत आला एक धन सोडियम, बाहेर गेला एक धन पोटॅशियम. आवक एक, जावक एक. पेशीतलं एकूण मीठ जवळपास तेवढंच राहिलं.

आता लाजाळू. तिच्या पेशीची आतली बाजू आणखी ऋण असते, साधारण १५० मिलिव्होल्टच्या आसपास. स्पर्श होताच कॅल्शियम आत शिरतं. कॅल्शियम ही फक्त किल्ली. तिने दारं उघडतात ती क्लोराइडची, आणि क्लोराइड आत येत नाही, बाहेर जातं. क्लोराइड ऋणभारित आहे. ऋण बाहेर गेलं की आतला ऋणपणा कमी होतो, म्हणजे विजेच्या भाषेत सोडियम आत आल्यासारखाच परिणाम. मग पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि आतली बाजू पुन्हा ऋण होऊ लागते. इथवर गोष्ट आपल्यासारखीच वाटते. पण हिशोब पाहा. बाहेर गेला एक क्लोराइड, बाहेर गेला एक पोटॅशियम. जावक दोन, आवक जवळजवळ शून्य. पेशीने पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे चक्क मीठ, गमावलं.

आणि मीठ गेलं की पाणी जातं. चिरलेल्या काकडीवर मीठ भुरभुरलं की ताटलीत पाणी सुटतं, ते याच कारणाने. शाळेत आपण त्याला परासरण म्हणतो. वनस्पतीची पेशी कडक भित्तिकेच्या आत पाण्याने ठासून भरलेली असते. कित्येक पेशींत हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट असतो. लाजाळूच्या मोठ्या उशीत खालच्या बाजूच्या पेशी या दाबाने देठाला उचलून धरतात. त्यांच्यातून मीठ भराभर बाहेर पडलं, पाणी त्याच्यामागे गेलं, की खालची बाजू सैल पडते, वरची ताठच राहते आणि देठ खाली कलतो. पर्णिकांच्या उशीत याच्या उलट, वरची बाजू सैल पडते, म्हणून पर्णिका वर मिटतात.

आपल्याकडे नस निरोप आणते आणि हालचाल करायला स्नायू वेगळा लागतो. लाजाळूकडे स्नायू नाही. जी घडामोड निरोप पुढे नेते, तीच उशीत मोठ्या प्रमाणावर झाली की हालचाल होते. एकाच मिठाने दोन्ही कामं भागतात. वर्गात फळ्यावर हे दोन जमाखर्च शेजारी शेजारी लिहिते तेव्हा दरवर्षी मला तितकाच आनंद होतो.

वनस्पतींनी सोडियम का नाही वापरलं? कारण आपल्या पेशींभोवती खारं पाणी आहे, त्यांच्याभोवती नाही. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, तो आपल्या शरीरातल्या द्रवाचा खारटपणा. जमिनीवरच्या झाडाच्या मुळाशी असतं ते गोडं पाणी, त्यात सोडियम जेमतेम. आणि जास्त झालं तर ते बहुतेक झाडांना बाधतं. खारेपाटातल्या शेतकऱ्याला विचारा, बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरलं की भाताचं काय होतं. जे बाहेर नाहीच ते आत कसं आणणार? म्हणून वनस्पतींनी घरातलं क्लोराइड बाहेर सोडायची वाट धरली.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चेतापेशीचं शास्त्र म्हटलं की माखल्यासारख्या स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूचं नाव निघतं. पण कोल आणि कर्टिस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी विद्युत लहर जाताना पटलाची दारं उघडतात याचं मोजमाप आधी, १९३८ साली, नायटेला या गोड्या पाण्यातल्या वनस्पतीवर केलं, तिची एकेक पेशी काही सेंटीमीटर लांब असते म्हणून. स्क्विडची पाळी आली १९३९ मध्ये.

आता बोसांकडे परत. लाजाळूतून विजेची लहर जाते हे त्यांनी स्वतः घडवलेल्या नाजूक यंत्रांनी नोंदवलं आणि ही लहर प्राण्यांच्या चेतासंस्थेसारखीच आहे असा आग्रह धरला. युरोपातल्या अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. १९१६ साली रिक्का या इटालियन संशोधकाने दाखवलं की खोड कापून दोन तुकडे पाण्याच्या नळीने जोडले तरी जखमेची खबर पलीकडे जाते. नळीत कसली आली नस? त्यांचं म्हणणं, खबर नेतं ते जखमेतून पाझरलेलं रसायन. वर्षानुवर्षं दोन तट राहिले. आज दिसतं ते असं: हलक्या स्पर्शाची खबर रसवाहिन्यांच्या जिवंत पेशींमधून विजेच्या लहरीने जाते, भाजलं किंवा कापलं तर जलवाहिन्यांमधून दाबातला बदल आणि रसायनंही निघतात आणि वाटेत जिथे पोचतील तिथे विजेचा बदल घडवतात. बोस आणि रिक्का एकाच झाडातल्या दोन वेगळ्या टपालसेवा पाहत होते.

हे तर लाजाळूसारख्या हलणाऱ्या झाडाचं झालं. न हलणाऱ्यांचं काय? २०१८ साली मासात्सुगु टोयोटा, सायमन गिलरॉय आणि सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिस या रोपट्यात असं प्रथिन घातलं, की कॅल्शियम वाढलं की ते उजळतं. मग एका पानावर अळी सोडली. अळीने पान कुरतडलं आणि जखमेपासून उजेडाची लाट निघून एक-दोन मिनिटांत दूरच्या पानांपर्यंत गेली. ही लाट सुरू करणारं रसायन होतं ग्लुटामेट. आपल्या मेंदूत चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तो बहुतांशी ग्लुटामेटनेच. अजिनोमोटोमध्ये असतं तेही तेच. लाट पोचलेल्या पानांत जॅस्मॉनिक आम्ल हे संप्रेरक तयार होऊ लागतं आणि अळी यायच्या आधीच पान स्वतःला तिच्यासाठी बेचव करायला घेतं.

आपल्या शरीरातही अशीच जोडी आहे. तव्याला हात लागला की मेरुरज्जूतूनच हुकूम सुटतो आणि चटका जाणवायच्या आत हात मागे येतो. तो विजेचा कारभार. मागाहून छाती धडधडत राहते, ते अॅड्रेनॅलिन, रक्तातून फिरणारं संप्रेरक. विजेची खबर लवकर जाते आणि लवकर विरते, रसायनाची सावकाश जाते आणि टिकते. फरक एवढाच की आपल्याकडे मध्ये मेरुरज्जू आणि मेंदू बसलेले आहेत. लाजाळूत मध्ये कुणी नाही. प्रत्येक उशी आपल्यापर्यंत पोचलेल्या लहरीला आपली आपण उत्तर देते.

आणि म्हणूनच ‘झाडांना भावना कळतात’, ‘पिकाला मंत्र ऐकवा, उतारा वाढतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांची मला चीड येते. १९६६ साली बॅक्स्टर नावाच्या अमेरिकी माणसाने खोटं पकडायचं यंत्र ड्रॅसिनाच्या पानाला लावलं आणि झाडाला माणसाच्या मनातलं कळतं असं जाहीर केलं. १९७५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा एक प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा केला, तेव्हा काहीही मिळालं नाही. पण अफवा अजून जिवंत आहे, आणि बोसांचं नाव तिला बिनदिक्कत चिकटवलं जातं. वशीकरणासाठी लाजाळूची मुळी विकणारेही आहेत. पानात वीज आहे याचा अर्थ पानात मन आहे असा होत नाही. पेशीतून क्लोराइड बाहेर पडायला दुःख व्हावं लागत नाही.

मग लाजाळू मिटते कशाला? २०२२ साली जपानमध्ये, टोयोटा यांचाही सहभाग असलेल्या एका अभ्यासात, जनुकात बदल करून उशाच नसलेल्या लाजाळू तयार केल्या गेल्या. त्या मिटूच शकत नव्हत्या. त्यांच्यावर आणि साध्या लाजाळूवर नाकतोडे सोडले, तर न मिटणारी पानं त्यांनी जास्त खाल्ली. तुम्ही नाकतोडा होऊन पाहा: ज्या पानावर उभे आहात तेच पायाखालून घसरलं आणि तोंडापुढचा हिरवा घास काडीसारखा बारीक झाला, तर तिथे किती वेळ थांबाल?

पण पान मिटलेलं राहिलं तर उजेड घेता येत नाही, अन्न बनत नाही. म्हणून उघडणं भाग असतं, आणि ते फुकट होत नाही. पेशी ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन बाहेर ढकलते, त्यामुळे आतली बाजू पुन्हा खूप ऋण होते, त्या ओढीने पोटॅशियम आत येतं, क्लोराइडलाही मागे आणलं जातं आणि शेवटी पाणी येतं. मीठ बाहेर पडायला एखादा सेकंद पुरतो, ते पुन्हा भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

त्या मुलीने प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी वर्गातलं घड्याळ कुंडीशेजारी आणून ठेवलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकदाच बोट लावू देत होती आणि पान उघडेपर्यंत दुसऱ्याला हात लावू देत नव्हती. वहीत सकाळच्या गारव्यातल्या आणि दुपारच्या उन्हातल्या वेळा दोन रकान्यांत लिहिल्या होत्या. तक्त्यावरची बोसांची ओळ तिने खोडली होती आणि तिच्या जागी अजून काही लिहिलं नव्हतं.