१२० चा रोल 'नवा' कधी म्हणायचा?

मीडियम फॉरमॅटमध्ये नवी कलर फिल्म आली की रत्नागिरी-मालवणकडच्या हौशी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: रोल धुवायला पाठवायचा कुठे? दुसऱ्या प्रश्नावर मात्र वाद होतात. ही फिल्म नवी आहे, की फक्त तिचा डबा?

१२० हा मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांच्या रुंद रोलचा आकार, १९०१ सालचा. आपल्याकडे तो अ‍ॅग्फाच्या क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यांतून घरोघरी पोचला. रोलमागे १२ चौकोनी फोटो, बहुधा कृष्णधवल. रंगीत निगेटिव्ह आज ज्या पद्धतीने धुतली जाते ती सी-४१ ही १९७२ ची. पण गावोगावी रंग आला तो ३५ मिमीच्या रोलवर. १२० स्टुडिओवाल्यांकडेच राहिला.

२०२२ मध्ये कोडॅकची गोल्ड २०० ही फिल्म १२० मध्ये मिळू लागली, तेव्हा 'नवी फिल्म' म्हणून बराच गाजावाजा झाला. इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, मात्र ३५ मिमीत वर्षानुवर्षं वापरलेलंच होतं. सिनेस्टिलची ८००टी तर मुळात सिनेमाची फिल्म, पाठीवरचा काळा कार्बनचा थर, म्हणजे रेमजेट, काढून टाकलेली. दोन्ही उपयोगाच्या आहेत, तक्रार नाही. पण मुंडावळ्या बदलल्या म्हणून नवरदेव बदलत नाही.

खऱ्या अर्थाने नवी म्हणावी अशी फिनिक्स २००. कृष्णधवल फिल्मसाठीच ओळखल्या जाणाऱ्या एका इंग्लिश कारखान्याने स्वतः बनवलेली ही कलर निगेटिव्ह डिसेंबर २०२३ मध्ये ३५ मिमीत आली, २०२४ मध्ये १२० मध्ये. आणि तिच्यात नारिंगी मास्क नाही.

हा मास्क १९४० च्या दशकातला. निगेटिव्हमधले रंग शुद्ध नसतात. निळसर-हिरवा सायन रंग लाल प्रकाश अडवताना थोडा हिरवा आणि निळाही अडवतो, मॅजेंटा थोडा निळा. ही चूक भरून काढायला कपलरलाच, म्हणजे धुताना रंग तयार करणाऱ्या रसायनालाच, रंग दिला गेला, आणि न वापरलेला कपलर नारिंगी होऊन फिल्मभर उरला. फिनिक्सची निगेटिव्ह जांभळट दिसते. नारिंगी वजा करायला शिकलेला स्कॅनर तिच्यापुढे गोंधळतो.

जांभ्याच्या गडग्याची एकच फ्रेम मी दोनदा स्कॅन करून घेतली. एका स्कॅनमध्ये चिरा कुंकवासारखा, दुसऱ्यात भिजलेल्या गुळासारखा. दोष फिल्मचा की स्कॅनिंगचा, यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझं मत स्कॅनिंगच्या विरोधात आहे. माडाखालची सावली मात्र दोन्हीकडे काळीठिक्कर, आणि ओल्या होडीच्या कडेवरच्या उन्हाभोवती तांबडी झाक. प्रकाश फिल्मच्या पाठीवरून उलटून येतो त्याचा हा परिणाम. सावली उजळायची तर स्कॅनरवर विसंबायला नको, फिल्म २०० ऐवजी १०० किंवा १२५ आयएसओची धरून प्रकाश मोजून टिपणं बरं. बरेच जण तेच करतात.

२०२५ च्या जुलैत फिनिक्सची दुसरी आवृत्ती दोन्ही आकारांत आली, दाणा बारीक आणि कॉन्ट्रास्ट आटोक्यात आणल्याचं सांगत. माझे दोन रोल फ्रिजमध्ये आहेत. पावसाच्या दिवसांत गार रोलचं पाकीट लगेच फोडलं तर फिल्ममागच्या कागदावर दव धरतं, म्हणून रात्रीच बाहेर काढून ठेवायचे. गणपतीनंतर उघडीप मिळाली की कातळावरची फुलं आणि तोच गडगा.