अपघात झाल्यावर नुकसानभरपाईचा अर्ज कसा करायचा, कागदपत्रं कोणती लागतात (सातारा-कराडकडच्या माणसांसाठी)

दोन हंगामांपूर्वी आमच्या ह्यांचा अपघात झाला, उंब्रजच्या अलीकडे सर्व्हिस रोडला, संध्याकाळी सातच्या सुमारास. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यातच उभा, टायर पंक्चर म्हणून ड्रायव्हर तसाच सोडून गेलेला, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. हे दूध घालून गाडीवरून परत येत होते, ते थेट मागं जाऊन धडकले. मांडीचं हाड मोडलं, उजव्या मनगटात प्लेट बसली. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरचा मालक चार माणसं घेऊन आला, तीस हजार घ्या आणि मिटवून टाका म्हणाला. आम्ही घेतले नाहीत. नुसत्या ऑपरेशनचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला होता. त्यानंतर पोलीस स्टेशन, दवाखाना, कोर्ट या सगळ्या खेपा मीच केल्या आणि त्यात जे कळलं ते इथं लिहितेय, कारण आपल्याकडं बहुतेक लोक कायद्यात हरत नाहीत, पहिल्या आठ दिवसांतल्या कागदात हरतात.

सगळ्यात आधी दवाखाना. ॲडमिट करताना डॉक्टर विचारतात काय झालं, तेव्हा पोलिसांचं लफडं नको म्हणून कुणीतरी नातेवाईक सांगून टाकतो, "घसरून पडले". केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तोच केसपेपर कोर्टात दाखवतो की बघा, दुसऱ्या गाडीचा संबंधच नाही. म्हणून जे झालं तेच सांगायचं, कुठल्या गाडीने, कुठं, किती वाजता, आणि एमएलसी झाली का ते विचारून तिचा नंबर लिहून घ्यायचा. एमएलसी म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवलेली नोंद. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण त्यावर पुढचं सगळं उभं राहतं.

उपचाराच्या पैशाबद्दल एक गोष्ट आता चांगली झालीय जी आमच्या वेळी नव्हती. मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस योजना लागू आहे, कुठल्याही रस्त्यावर मोटार वाहनाने अपघात झाला की नेमून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत. चूक कुणाची हे त्यात बघत नाहीत. नेमून न दिलेल्या हॉस्पिटलमध्ये फक्त जीव स्थिर करण्यापुरते उपचार यात बसतात, त्यामुळे दाखल करतानाच काउंटरवर स्पष्ट विचारा की तुम्ही या योजनेत आहात का. ॲम्ब्युलन्ससाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

आता पोलीस. एफआयआर जखमी माणसानेच द्यायला पाहिजे असं नाही, भाऊ, बायको, बघणारा माणूस कुणीही देऊ शकतो. पेशंट मिरजेला किंवा पुण्याला हलवला असेल तर तिथल्या जवळच्या पोलीस स्टेशनलासुद्धा तक्रार नोंदवता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, तो झिरो एफआयआर मग इकडच्या स्टेशनला वर्ग होतो. एफआयआरची एक प्रत तक्रार देणाऱ्याला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. उशीर झाला असेल तर का झाला (पेशंट आयसीयूत होता, वगैरे) ते तक्रारीतच लिहायला लावा.

एफआयआरइतकाच महत्त्वाचा घटनास्थळाचा पंचनामा, आणि उभ्या वाहनाला धडक असेल तर जास्तच. कारण समोरचे लोक लगेच म्हणतात की मागून येऊन तुम्हीच धडकलात, चूक तुमची. धोकादायक रीतीने रस्त्यात वाहन सोडून जायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ने बंदी आहे, पण हे सिद्ध होणार पंचनाम्यातूनच. ट्रॉलीला टेल लाईट होता का, रिफ्लेक्टर पट्टी होती का, मागं दगड-फांद्या काही ठेवलं होतं का, रस्त्यावर दिवे होते का, गाडी रस्त्याच्या किती आत उभी होती, हे सगळं त्यात यायला पाहिजे. आमच्या वेळी एक कॉलेजचं पोरगं थांबलं होतं, त्याने मोबाईलवर फोटो काढले, फोटोत ट्रॉलीची मागची काळी फळी स्पष्ट दिसते, एक लाल ठिपकासुद्धा नाही. ते फोटो नसते तर आमच्याकडं सांगायला काही नव्हतं. ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा नंबर वेगवेगळा असतो, दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर लिहून घ्या, विमा दोन्हीचा बघावा लागतो.

(मदत करायला लोक घाबरतात म्हणून सांगते, जखमीला दवाखान्यात नेणाऱ्या माणसावर कुठलीही जबाबदारी येत नाही, कलम १३४ अ मध्ये तसं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवणाऱ्याला राह-वीर योजनेत २५ हजारांचं बक्षीससुद्धा आहे.)

१ एप्रिल २०२२ पासून नवीन नियम आलेत ते फार कमी लोकांना माहीत आहेत. तपास करणाऱ्या पोलिसाने पहिला अहवाल ४८ तासांत ट्रिब्युनलला (म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला) द्यायचा, १० दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म द्यायचा, जखमीने आपली माहिती आणि कागदपत्रं ६० दिवसांत पोलिसांना द्यायची, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलकडं गेला पाहिजे. त्या अहवालालाच ट्रिब्युनल अर्ज मानू शकतं. पण माझं मत विचाराल तर यावर विसंबून घरी बसू नका, गुन्हा रजिस्टर नंबर घेऊन दर पंधरा दिवसांनी जाऊन शांतपणे विचारा की अहवाल कुठवर आला, आणि आपला स्वतंत्र अर्ज तयार ठेवा. मुदत अपघाताच्या तारखेपासून ६ महिने आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने नुसत्या उशिरासाठी अर्ज फेटाळू नका असा अंतरिम आदेश दिलाय, तरी अंतिम निकाल येईपर्यंत ६ महिने हीच तारीख धरून चाला.

अर्ज कोण करू शकतं? जखमी स्वतः, मृत्यू झाला असेल तर वारस, किंवा यांनी नेमलेला माणूस. कुठं करायचा? मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे जिल्हा न्यायालय, साताऱ्यात किंवा तुमच्या भागानुसार कराडला. अपघात पुण्यात झाला तरी तुम्ही राहता तिथं अर्ज करता येतो, हे लक्षात ठेवा, नाहीतर लोक उगाच पुण्याच्या तारखा करत बसतात. अर्जात ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघांना पार्टी करतात. कंपनी कुठली ते एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की कळतं.

कागदपत्रांत एफआयआर, पंचनामा, जखमेचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं (ओरिजिनल, आणि मेडिक्लेमला दिली असतील तर त्यांच्याकडून सर्टिफाईड कॉपी), एक्स-रे, आपलं लायसन्स, आरसी, विमा, आधार, बँक पासबुक, आणि मृत्यू असेल तर पीएम रिपोर्ट, मृत्यू दाखला, वारसांचे कागद. यात कमाईचा पुरावा हा सगळ्यांचा कच्चा दुवा. पगारदाराला स्लिप असते, आपल्यासारख्यांचं काय? मी दूध डेअरीची दहा-दहा दिवसांची बिलं दोन वर्षांची काढली, कारखान्याची उसाची बिलं लावली, पासबुकाच्या एन्ट्र्या काढल्या, सातबारा लावला. गवंडी, सेंट्रिंगवाला, ड्रायव्हर यांनी मालकाचं पत्र, हजेरीची वही, जे असेल ते द्यावं. काहीच नसलं तर कोर्ट अंदाजाने उत्पन्न धरतं, आणि तो अंदाज बहुतेक कमीच असतो.

रक्कम कशी काढतात ते एकदा समजून घ्या म्हणजे कुणी काहीही आकडा सांगून गंडवणार नाही. समजा वय ३८, कमाई महिना १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. स्वतःचा धंदा असलेल्या ४० च्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीसाठी त्यात ४० टक्के मिळवतात (प्रणय सेठी निकाल, २०१७), झाले २ लाख ५२ हजार. वयावरून गुणक ठरतो (सरला वर्मा निकाल, २००९), ३६ ते ४० वयाला १५. आता अपंगत्वामुळे कमावण्याची ताकद २० टक्के कमी झाली असं कोर्टाने धरलं तर २,५२,००० गुणिले १५, त्याचे २० टक्के, म्हणजे ७ लाख ५६ हजार. याशिवाय दवाखान्याचा खर्च, अंथरुणात होतो त्या काळातली बुडालेली कमाई, जवळ बसणाऱ्या माणसाचा खर्च, येण्याजाण्याचं भाडं, वेदनेबद्दल रक्कम आणि व्याज. गाडीभाड्याच्या चिठ्ठ्यासुद्धा म्हणून ठेवायच्या.

इथं अपंगत्वाच्या दाखल्याचा घोळ होतो. दाखल्यावरचे टक्के आणि कमाईतलं नुकसान एकच नसतं, सुप्रीम कोर्टाने २०१० च्या राजकुमार निकालात हे स्पष्ट केलंय. मनगट नीट वळत नाही म्हणजे ऑफिसात बसणाऱ्याचं एक, आणि धारा काढणाऱ्याचं वेगळं. ह्यांना आजसुद्धा उजव्या हाताने दुधाचं भरलेलं कॅन उचलत नाही, हे डॉक्टरांच्या साक्षीत यावं लागतं. जखम भरून स्थिर झाल्यावर दाखला घ्या, जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाकडून किंवा ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडून, आणि डॉक्टर साक्षीला येतील का ते आधीच विचारून ठेवा. तुमची थोडी चूक होती असं कोर्टाला वाटलं तर तेवढे टक्के रकमेतून वजा होतात, पूर्ण क्लेम जात नाही.

चूक कुणाची हा वाद घालायचाच नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ आहे, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर जखमेला अडीच लाख, समोरच्याचा दोष सिद्ध करायची गरज नाही. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा, म्हणजे वर सांगितलेला ट्रिब्युनलमधला अर्ज, संपतो, त्यामुळे कमाई बुडवणारी जखम असेल तर सही करायच्या आधी वकिलाला विचारा.

गाडी ठोकून पळून गेली आणि नंबर मिळालाच नाही तर कोर्टात जायचं नाही, अपघात जिथं झाला त्या भागाच्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करायचा, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. मृत्यूला २ लाख, गंभीर जखमेला ५० हजार (२०२२ च्या आधी हेच २५ हजार आणि साडेबारा हजार होते). हाड मोडणं हीसुद्धा कायद्यात गंभीर जखम आहे, अनेकांना वाटतं अवयव गेला तरच मिळतं, तसं नाही. ठरलेला अर्ज, हमीपत्र, एफआयआर, जखमेचा दाखला किंवा पीएम रिपोर्ट, ओळखपत्र, पासबुक एवढंच लागतं.

स्वतःच घसरून पडलात, दुसरी गाडी नाही, तर थर्ड पार्टी विम्यातून चालवणाऱ्याला काही मिळत नाही. तेव्हा आपली पॉलिसी काढून बघा, मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण त्यात घेतलंय का. मृत्यू आणि ठरावीक कायमच्या अपंगत्वालाच ते लागू होतं, साध्या फ्रॅक्चरला नाही, आणि लायसन्स चालू पाहिजे. मागं बसलेल्याला नुसत्या थर्ड पार्टीत संरक्षण नसतं, हे विमा काढतानाच विचारायचं असतं. सातबारावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या घरातला एक सदस्य असेल, वय १० ते ७५, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे, मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं ३० दिवसांत. घरात रडारड चालू असते तेव्हा हे ३० दिवस कधी निघून जातात कळत नाही, शेजाऱ्या-पाजाऱ्यांनी तरी आठवण करावी.

समोरच्या गाडीचा विमा नसेल तर पैसे मालकाकडूनच वसूल करावे लागतात आणि ते अवघड जातं. ड्रायव्हरकडं लायसन्स नव्हतं म्हणून कंपनी हात झटकते, पण बऱ्याच केसेसमध्ये कोर्ट कंपनीला सांगतं की आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा. त्यामुळे कंपनीच्या पहिल्या नकारावर गप्प बसू नका.

वकिलाचं म्हणाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, बाई अर्जदार असेल, अपंग, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीतलं कुणी असेल तर उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन १५१००. दवाखान्यातच येऊन "सगळं आम्ही बघतो, मिळेल त्यातलं निम्मं द्या" म्हणणारी माणसं भेटतील, कोऱ्या कागदावर सही करू नका. मिळणाऱ्या रकमेत वकिलाने टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे.

निकाल लागला की कंपनीने ३० दिवसांत पैसे भरायचे असतात. राष्ट्रीय लोक अदालतमध्ये तडजोड झाली तर लवकर मिटतं, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून आपला आकडा आधी घरी मांडून जा. ट्रिब्युनलचा निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील, आणि ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगलीची अपिलं मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं जातात. आमच्या केसमध्ये डॉक्टरांची साक्ष व्हायचीय, फोटो काढणाऱ्या त्या पोराची झाली, परीक्षा चालू असतानासुद्धा तो कराडहून एसटीने आला होता.