पाकीट फोडायला कात्री का लागते?

टिनच्या डब्यात अन्न टिकवण्याचं पेटंट पीटर ड्युरंड यांना इंग्लंडमध्ये १८१० साली मिळालं. तीनच वर्षांत लंडनच्या बर्मंडसी भागातल्या कारखान्यातून ब्रिटिश लष्कराकडे आणि आरमाराकडे असे डबे जाऊ लागले. डबा उघडायचं हत्यार मात्र १८५०च्या दशकात आलं. अमेरिकेत एझ्रा वॉर्नर यांनी आपल्या ओपनरचं पेटंट घेतलं ते १८५८ मध्ये. मधली चाळीसेक वर्षं लोक छिन्नी-हातोडीने डबे फोडत होते, आणि तशी सूचना काही डब्यांवरच दिलेली असे. अन्न सडू नये, जहाजाच्या प्रवासात डबा फुटू नये, एवढा विचार झाला होता. डबा उघडणार कोण आणि कसा, हा प्रश्न कुणी हातीच घेतला नव्हता. आज टूथब्रश किंवा पेनड्राइव्ह बाहेर काढताना आपला जो संताप होतो, त्याचं मूळ मला याच क्रमात दिसतं.

पेनड्राइव्हभोवतीचं ते कडक, पारदर्शक प्लास्टिक सेल्फ-सर्व्हिस दुकानांची गरज म्हणून फोफावलं. पूर्वी लहान, महाग वस्तू काउंटरच्या मागे असायच्या आणि दुकानदार काढून दाखवायचा. गिऱ्हाईक स्वतः वस्तू उचलू लागल्यावर वस्तू दिसायलाही हवी, खुंटीला टांगताही यायला हवी आणि सहज खिशात घालताही येऊ नये, अशी तिहेरी अट आली. म्हणून छोट्याशा वस्तूला तळहातापेक्षा मोठं कवच, आणि त्याच्या कडा उष्णतेने एकजीव केलेल्या. चोराला नखाने सोलता येऊ नये म्हणून केलेली ही सोय पैसे मोजून वस्तू घरी नेणाऱ्यालाही तितकीच नडते. सुरी घसरते, कापलेली प्लास्टिकची कड बोटात घुसते. ऑनलाइन विक्रीत चोरासमोर टांगायचा प्रश्नच नाही, हे ओळखून अॅमेझॉनने २००८ मध्ये १९ वस्तूंपासून सहज उघडणारी खोकी सुरू केली. ती आधीच का सुचली नाहीत, याचं उत्तर एवढंच की कवचाचा फायदा दुकानाला होता आणि त्रास घरी होत होता.

औषधांची गोष्ट वेगळी आहे. तिथे अवघडपणाला भक्कम कारण होतं. कॅनडातल्या विंडसर शहरातले बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री ब्रो यांच्यापुढे गोड चवीच्या अॅस्पिरिनच्या गोळ्या खाऊन विषबाधा झालेली लहान मुलं सतत येत. त्यांच्या पाठपुराव्यातून १९६७ मध्ये तळहाताने दाबून फिरवायचं झाकण आलं. अमेरिकेने १९७० मध्ये त्यासाठी कायदाच केला. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी वेदनाशामक कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं, सात जण गेले, आणि आधी कुणी उघडलं असल्यास लगेच कळेल अशा सीलबंद वेष्टनाचीही सक्ती झाली. या दोन्ही गोष्टींनी जीव वाचवले आहेत. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती चाचणीबद्दल. अमेरिकी नियमानुसार साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांच्या हाती बाटली द्यायची. पाच मिनिटं त्यांना झटू द्यायचं, मग उघडून दाखवायचं, दात वापरले तरी चालतील असं सांगायचं आणि आणखी पाच मिनिटं द्यायची. शेवटी किमान ८० टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये. ही बाजू अगदी चोख आहे. पण मोठ्यांना बाटली उघडता येते की नाही, हे पाहायला निवडलेली माणसं १८ ते ४५ वयाची होती! रोज गोळ्या लागतात त्या सत्तरीच्या आजीला, सांध्यांना सूज असलेल्या आजोबांना. त्यांना झाकण उघडेना, म्हणून ते एकदा कसंबसं उघडलं की तसंच सैल ठेवत किंवा गोळ्या दुसऱ्या साध्या डबीत काढून ठेवत. आणि सुट्टीत आलेल्या नातवंडांच्या हाती नेमक्या त्याच गोळ्या लागत. ज्या मुलांसाठी झाकण अवघड केलं, त्यांनाच त्या अवघडपणाने धोक्यात आणलं. हे ध्यानात आल्यावर १९९५ मध्ये नियम बदलला आणि मोठ्यांच्या चाचणीत ५० ते ७० वयाची माणसं आली. आता त्यांच्यातल्या किमान ९० टक्के जणांना बाटली आधी पाच मिनिटांत उघडता यावी लागते, आणि पुन्हा एका मिनिटात उघडून नीट बंदही करता यावी लागते. त्यामुळे मुलांना न जुमानणारं पण म्हाताऱ्या हातांना वश होणारं झाकण बनवणं कंपन्यांना भाग पडलं, आणि ते जमलंही.

आपल्याकडे हा त्रास रोज हाती येतो तो पुडीतून. तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत आणण्याची वाट पाडली. बाटली न परवडणाऱ्या घरांत त्यामुळे शाम्पू पोचला, हे मोठं काम होतं. पण पुडी नीट पाहा. बाहेर छपाईचा पॉलिस्टरचा पापुद्रा, आत पॉलिथीन. पॉलिस्टर फाटायला सुरुवातच होत नाही, एकदा झाली की मात्र सरसर फाटतं; म्हणून कडेला ती बारीक खाच हवी. पुड्यांची माळ तोडताना खाचेचा भाग शेजारच्या पुडीकडे गेला, की ओल्या हाताने कितीही ओढलं तरी पुडी फाटत नाही, आणि शेवटी दात लावावे लागतात.

वृद्ध आणि अपंगांना वेष्टन सहज उघडता यावं यासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं १७४८० क्रमांकाचं मानक २०१५ पासून उपलब्ध आहे. ते पाळणं ऐच्छिक आहे. निदान मधुमेह, रक्तदाब आणि संधिवाताच्या औषधांच्या वेष्टनांची चाचणी आपल्याकडे साठी उलटलेल्या माणसांच्या हातून करून घ्यावी, आणि उत्पादकांवर तशी सक्ती असावी.