तुमच्या नावाने गेलेला, तुम्ही न पाठवलेला मेल

‘तुझ्याकडून विचित्र लिंक आली आहे, अकाउंट हॅक झालंय बहुतेक,’ असा निरोप मिळाला की बहुतेक जण आधी पासवर्ड बदलतात. बदलायला हरकत काहीच नाही. पण चार दिवसांनी दुसऱ्या कुणाकडे तसाच मेल जातो आणि मग धास्ती वाढते: पासवर्ड बदलूनही हॅकर आत कसा? बऱ्याचदा तो आत कधी गेलेलाच नसतो. आपल्या नावाने मेल पाठवणं आणि आपल्या अकाउंटमध्ये शिरणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकच वाटतात, त्याला गेल्या चाळीसेक वर्षांचा इतिहास कारणीभूत आहे.

मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कसा जावा, याचा एसएमटीपी हा नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडला. मेल पाठवताना पाठवणाऱ्याचं नाव दोनदा येतं. एकदा सर्व्हर सर्व्हरला सांगतो तेव्हा, म्हणजे पाकिटावर. आणि एकदा मेलच्या आत ‘फ्रॉम’ या ओळीत, जी वाचणाऱ्याला दिसते. ही दोन नावं एकच असावीत अशी सक्ती नव्हती आणि दोन्हींपैकी एकही तपासलं जात नव्हतं. टपालपेटीत पत्र टाकताना पाठीमागचा पत्ता खरा आहे का, हे पोस्टमन विचारत नाही, तसंच. त्या वेळी नेटवर्कवर होती ती विद्यापीठं, संशोधनसंस्था, लष्करी कार्यालयं. ओळखपाळख असलेल्यांत ओळखपत्र कोण मागणार?

पहिला गाजलेला स्पॅम मेल त्याही आधीचा, ३ मे १९७८ चा. डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी नव्या यंत्रांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कवरच्या सुमारे ४०० जणांना पाठवली. गंमत म्हणजे ती त्यांनी स्वतःच्या नावाने पाठवली होती, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्नच नव्हता. स्पॅम हा धंदा झाला तसं खरं नाव अडचणीचं ठरू लागलं. १९९७ मध्ये जो डॉल यांनी आपल्या वेबसाइटच्या सेवेवरून एका स्पॅमरला काढून टाकलं. त्याने सूड म्हणून जो यांच्याच नावाने स्पॅम पाठवला आणि चिडलेल्या लोकांचा रोष जो यांच्या वेबसाइटवर कोसळला. या प्रकाराला आजही ‘जो जॉब’ म्हणतात. त्यांचं अकाउंट कुणी फोडलं नव्हतं. नुसतं नाव वापरलं होतं.

लोकांच्या मनात मात्र वेगळंच समीकरण बसलं, ते मार्च १९९९ च्या मेलिसा व्हायरसमुळे. मेलिसा ज्या संगणकात शिरे, तिथल्या आउटलुकच्या अ‍ॅड्रेसबुकातल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवून देई. मेल खरोखरच त्या माणसाकडून निघालेला असे. तेव्हा ‘मित्राचा विचित्र मेल म्हणजे मित्राच्या संगणकात बिघाड’ हा अंदाज बरोबर होता. मे २००० च्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसनेही तो पक्का केला.

२००१ च्या अखेरीस आलेल्या क्लेझ या व्हायरसने तो मोडला, पण हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. क्लेझ बाधित संगणकावर सापडलेल्या पत्त्यांतून एक उचलून ‘फ्रॉम’मध्ये टाकायचा आणि दुसऱ्या पत्त्यावर मेल धाडायचा. म्हणजे बाधा एकाच्या संगणकात, मेल तिसऱ्याला आणि बदनामी मधल्या निर्दोषाची. त्यावर कडी म्हणजे अनेक ठिकाणची अँटिव्हायरस यंत्रणा त्या निर्दोषालाच आपोआप कळवायची, की तुम्ही व्हायरस पाठवला आहे. स्वतःचा संगणक पुन्हा पुन्हा तपासून थकलेल्या त्या लोकांची मला खरोखर कीव येते. ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग-एफ हा तसाच व्हायरस आला तेव्हा हा गोंधळ कित्येक पटींनी वाढला.

उपाय तुकड्यातुकड्याने आले. मेल पाठवताना पासवर्ड मागण्याची सोय १९९९ मध्ये प्रमाणित झाली, पण तिने पटते ती आपल्या सेवादात्याला आपली ओळख. पलीकडच्या सर्व्हरला त्यातून काही कळत नाही. त्यासाठी एसपीएफ आलं: अमुक डोमेनचा (म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाचा) मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतो, याची जाहीर यादी. मग २००७ मध्ये डीकेआयएम, म्हणजे मेलवर डोमेनची डिजिटल सही. दोन्ही चांगलं, पण गोम अशी की एसपीएफ पाकिटावरचं नाव तपासतं आणि वाचणारा पाहतो आतलं. ही फट २०१२ मध्ये जाहीर झालेल्या डीमार्कने बुजवली. आतल्या ‘फ्रॉम’मधलं डोमेन या तपासणीशी जुळतं का, आणि जुळलं नाही तर मेलचं काय करायचं, हे डोमेनचा मालक त्यात सांगून ठेवू शकतो.

एप्रिल २०१४ मध्ये एओएल आणि याहू या दोन्ही मोठ्या मेलसेवांनी ‘जुळत नसेल तर नाकारा’ असा कडक पर्याय लावला. मेलिंग लिस्टवरून (एकाचा मेल गटातल्या सगळ्यांना पोचवणाऱ्या सोयीवरून) जाणारे प्रामाणिक मेलही त्यामुळे परत येऊ लागले आणि बरीच आरडाओरड झाली. तरी पाऊल मागे घेण्यासारखी स्थिती नव्हती. एओएलची संपर्कयादी चोरीला गेली होती आणि तिच्या जोरावर सुमारे २ टक्के अकाउंट्सच्या नावाने खोटे मेल ओळखीच्यांनाच जात होते. इथे पासवर्ड बदलून भागत नाही, ते का, हे उघड आहे. तुमच्या ओळखीच्यांची यादी एकदा बाहेर गेली की पुढचे मेल पाठवायला तुमच्या अकाउंटची गरजच उरत नाही.

पासवर्डची चोरी हा वेगळा प्रवाह याच काळात फुगत होता. याहूची २०१३ ची चोरी आधी १ अब्ज अकाउंट्सची म्हणून सांगितली गेली आणि २०१७ मध्ये कबूल झालं, की तेव्हाची सगळी, ३ अब्ज, त्यात होती. जुलै २०१८ च्या सुमारास कुणीतरी हे दोन प्रवाह एकत्र केले. ‘तुझा पासवर्ड अमुक आहे, तुझा कॅमेरा माझ्या ताब्यात आहे, बिटकॉइन पाठव’ असे मेल सुरू झाले. पासवर्ड खरा असे, पण कुठल्यातरी जुन्या चोरीतला. काहींमध्ये ‘फ्रॉम’मध्ये वाचणाऱ्याचाच पत्ता घालून वर म्हटलेलं असे: बघ, हा मेल तुझ्याच अकाउंटवरून पाठवलाय. १९८२ चा ढिला नियम इथे हॅकिंगचा पुरावा म्हणून विकला जात होता, आणि लोकांनी पैसे दिले.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क बंधनकारक केलं. गूगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० हून अधिक. तरी मोबाइलवर बहुधा फक्त नाव दिसतं, पत्ता दिसत नाही. कुठल्याही फुकटच्या अकाउंटला तुमचं नाव दिलं की डीमार्कची परीक्षा पास. त्यामुळे ओळखीच्यांकडून तक्रार आली तर आधी पूर्ण पत्ता विचारावा. पत्ताच दुसरा असेल तर तुमच्या अकाउंटचा त्यात संबंध नाही. पत्ता तुमचाच असेल, तर ज्याला मेल आला त्याला मूळ मेल उघडायला सांगावं. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ केलं की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांचे निकाल वरच दिसतात. नापास असेल तर बहुधा नुसती नक्कल. तुमच्याच पत्त्यावर डीमार्क पास दिसलं तर मात्र कुणीतरी खरोखर आत आहे असंच समजावं. मग पासवर्ड तर बदलावाच, पण आपोआप फॉरवर्ड करण्याचा नियम, अनोळखी फिल्टर, रिकव्हरीसाठी दिलेला नंबर आणि परवानगी दिलेली अ‍ॅप हेही बघावं. सेंट फोल्डरमध्ये काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत राहू नये, कारण तो पुसायला चोराला एक क्लिक पुरतो आणि फॉरवर्डचा नियम पासवर्ड बदलल्यावरही चालूच राहतो.