डिम ए(१०): दहा कप्पे की अकरा? बेसिकमधल्या अ‍ॅरेची पार्श्वभूमी

बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अ‍ॅरे म्हणजे एकाच नावाखाली क्रमांकाने ओळखले जाणारे कप्पे, आणि ते ‘डिम’ या आज्ञेने जाहीर करतात. मग ‘डिम ए(१०)’ लिहिलं की किती कप्पे मिळतात? उत्तर दहाही असू शकतं आणि अकराही. ती बेसिक कोणती, यावर ते ठरतं. गोंधळ सगळा कंसातल्या आकड्याचा आहे. हा आकडा कप्प्यांची संख्या सांगत नाही, शेवटच्या कप्प्याचा क्रमांक सांगतो. मोजणी १ पासून असेल तर संख्या आणि शेवटचा क्रमांक एकच, म्हणून फरक दिसत नाही. मोजणी ० पासून सुरू झाली की दोन्ही वेगळे होतात, आणि तिथून पुढे कोणी कोणता अर्थ धरायचा याचा वाद सुरू होतो.

तशी फारकत भाषेच्या पहिल्याच वर्षी झाली. बेसिकचे पहिले प्रोग्रॅम १ मे १९६४ च्या पहाटे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात चालले. डिम तेव्हापासून भाषेत आहे, आणि सुरुवातीला मोजणी १ पासून होती. ऑक्टोबर १९६४ मधल्या सुधारित आवृत्तीत शून्याचा कप्पा आला. कारण गणिती होतं: दहाव्या घाताच्या बहुपदीला अकरा सहगुणक लागतात, ए(०) ते ए(१०), आणि त्यासाठी ‘डिम ए(१०)’ अगदी चपखल बसतं. गणिताच्या विद्यार्थ्याला ही सोय होती. दहा मुलांचे गुण साठवणाऱ्याला मात्र एक कप्पा फुकटचा मिळाला, आणि त्यात काय आहे याची त्याला कल्पनाही नसे.

दुसरी सोय डिमच न लिहिण्याची. अ‍ॅरे जाहीर न करता वापरला तर बहुतेक बेसिक आपणहून वरची मर्यादा १० धरत. छोट्या प्रोग्रॅमला ते पुरतं, पण प्रोग्रॅम वाढला की अडचण येते. आधी ए(५) ला किंमत दिली आणि पुढे कुठेतरी ‘डिम ए(२०)’ लिहिलं, तर कमोडोर या घरगुती संगणकावर ‘रीडिम्ड अ‍ॅरे’ आणि पीसीवरच्या जीडब्ल्यू-बेसिकमध्ये ‘डुप्लिकेट डेफिनिशन’ असा निरोप येतो, कारण अ‍ॅरे त्याआधीच तयार झालेला असतो. शिकणारा डिमच्या ओळीत चूक शोधत बसतो, चूक मात्र वरच्या ओळींत असते. उपाय सोपा आहे: सगळे डिम प्रोग्रॅमच्या डोक्यावर लिहायचे, किंवा जीडब्ल्यू-बेसिकमध्ये आधी ‘इरेज ए’ने जुना अ‍ॅरे पुसून मग नव्याने डिम करायचं.

१९७८ च्या अमेरिकी मानकाने ‘ऑप्शन बेस’ आणलं. मोजणी ० पासून की १ पासून, ते प्रोग्रॅममध्ये एकदाच सांगायचं, तेही पहिल्या डिमच्या आधी. काहीच सांगितलं नाही तर ०. आपल्याकडे डॉस या जुन्या कार्यप्रणालीच्या काळात संगणक शिकलेल्या बऱ्याच जणांना ही आज्ञा जीडब्ल्यू-बेसिकमध्ये भेटली, आणि तिथे तिचा उपयोग आकड्यांत मोजता येतो. ‘डिम ए(१००,१००)’ म्हणजे १०१ गुणिले १०१, एकूण १०,२०१ कप्पे. सिंगल प्रिसिजनचा, म्हणजे साध्या अचूकतेचा, एक आकडा ४ बाइट घेतो, म्हणजे ४०,८०४ बाइट. ‘ऑप्शन बेस १’ लिहिलं की तेच ४०,००० होतात. प्रोग्रॅम आणि डेटा मिळून जेमतेम ६० केबी हाताशी असताना हे ८०४ बाइट वाचवण्यासारखे होते. नावापुढे टक्क्याचं चिन्ह लावून अ‍ॅरे इंटिजर (पूर्णांकांचा) केला तर दर कप्प्याला २ बाइट पुरतात. डबल प्रिसिजनला ८ लागतात, म्हणजे ८१,६०८ बाइट, आणि तिथे ‘आउट ऑफ मेमरी’ ठरलेलं.

अक्षरांच्या (नावापुढे $ असलेल्या) अ‍ॅरेचा गुंता वेगळाच. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये ‘डिम ए$(२०)’ म्हणजे एकवीस स्वतंत्र शब्दांची जागा. अटारी संगणकाच्या बेसिकमध्ये त्याच ओळीचा अर्थ जास्तीत जास्त २० अक्षरांची एकच ओळ. शब्दांचे अ‍ॅरे तिथे नाहीतच. स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर ‘डिम ए$(१०,२०)’ लिहिलं की बरोबर २० अक्षरांच्या दहा ओळी मिळत, मोजणी १ पासून, आणि छोटा शब्द उरलेल्या जागेत मोकळ्या जागा भरून ठेवला जाई. त्यामुळे मासिकात छापलेला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर जसाच्या तसा टाइप केला की पहिला अडथळा बहुधा डिमच्या ओळीतच यायचा.

या सगळ्यावरचं खरं उत्तर क्विकबेसिकने आणि १९९१ मध्ये डॉस ५ सोबत आलेल्या क्यूबेसिकने दिलं: ‘डिम ए(१ टू १०)’. दोन्ही टोकं लिहायची, अंदाज करायचा नाही. वर्षनिहाय पावसासाठी (१९८१ टू १९९०), तापमानासाठी (-१० टू ५०). क्रमांकच माहिती सांगतो, वजाबाकी करावी लागत नाही. सोबत खालची आणि वरची मर्यादा सांगणारे ‘एलबाउंड’ आणि ‘यूबाउंड’ होतेच, त्यामुळे लूपमध्ये (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागात) आकडा हाताने लिहिण्याची गरज उरली नाही. नवशिक्यासाठी अ‍ॅरेची याहून स्वच्छ रचना बेसिकच्या कुळात पुढे झाली नाही, असं ठामपणे म्हणता येतं.

व्हिज्युअल बेसिकने ती सहाव्या आवृत्तीपर्यंत (१९९८) जपली आणि ती आजही एक्सेलच्या मॅक्रोंमध्ये जिवंत आहे. फक्त भोवती अपवाद जमत गेले. यादीतून अ‍ॅरे बनवणारं ‘अ‍ॅरे’ फंक्शन ऑप्शन बेस पाळतं, मजकुराचे तुकडे करणारं ‘स्प्लिट’ पाळत नाही आणि नेहमी ० पासूनच देतं. एक्सेलमधल्या अनेक सेलच्या रेंजची व्हॅल्यू घेतली तर मिळणारा अ‍ॅरे नेहमी दोन मितींचा (ओळी आणि स्तंभ) आणि १ पासून असतो, रेंज एका स्तंभाची असली तरी. तो ए(३) असा वाचू गेलं की ‘रन-टाइम एरर ९, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’. लिहायला हवं ए(३, १). हा ९ क्रमांक जीडब्ल्यू-बेसिकमध्येही याच चुकीचा होता. अ‍ॅरेचा आकार बदलणाऱ्या ‘रीडिम प्रिझर्व्ह’मध्येही हीच ९ नंबरची चूक भेटते: जुना डेटा राखून फक्त शेवटच्या मितीचीच वरची मर्यादा बदलता येते. म्हणून वाढत जाणाऱ्या नोंदी दुसऱ्या मितीत ठेवायच्या आणि शेवटी आडवं-उभं उलटायचं. शिवाय दर नोंदीला एकेक कप्पा वाढवू नये, कारण दर वेळी पूर्ण अ‍ॅरेची नक्कल होते. आकार दुप्पट करत जावं आणि शेवटी एकदा छाटावं.

मोठा वाद पेटला तो मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या नव्या पायाच्या वेळी. त्या पायावर व्हिज्युअल बेसिक आणि सी-शार्प या दोन भाषा शेजारी बसणार होत्या, आणि सी-शार्पमध्ये १० म्हणजे दहा कप्पे, ० ते ९. सन २००० च्या पहिल्या बीटामध्ये (चाचणी आवृत्तीत) व्हिज्युअल बेसिकलाही तोच अर्थ दिला गेला: खालची मर्यादा कायमची ०, ऑप्शन बेस रद्द, आणि कंसातला आकडा म्हणजे संख्या. जुन्या प्रोग्रॅमरांनी जोरदार विरोध केला. २००१ च्या दुसऱ्या बीटात शेवटचा मुद्दा मागे घेतला गेला. आकडा पुन्हा शेवटचा क्रमांक झाला, कप्पे पुन्हा अकरा. बाकीचे दोन मुद्दे मात्र तसेच राहिले.

ही माघार भावनिक होती, असं अजूनही सांगितलं जातं. ते बरोबर नाही. तिच्यामागे ठोस कारण होतं. जुन्या कोडमध्ये ‘१ टू १०’ असलेले अ‍ॅरे ढिगाने होते. रूपांतर करणारं साधन खालची मर्यादा ० करून ‘डिम ए(१०)’ लिहायचं आणि वर सूचनेची ओळ टाकायचं. अकरा कप्पे असल्यामुळे १ ते १० चा जुना लूप निदान चालत राहायचा. दहाच कप्पे दिले असते तर ए(१०) ला हात लावताच प्रोग्रॅम कोसळला असता, आणि तोही चालवल्यावर, कंपाइल करताना नव्हे.

खरी चूक खालची मर्यादा लिहिण्याची मुभा काढून घेण्यात होती. ती राहिली असती तर वाद उद्भवलाच नसता. ती गेल्यामुळे शून्याचा कप्पा सगळ्यांच्या गळ्यात पडला आणि चुका शांतपणे घडू लागल्या. १ ते १० मध्ये दहा जणांचे ६६-६६ गुण भरा आणि ‘अ‍ॅव्हरेज’ विचारा: ६६० भागिले ११, उत्तर ६०. गुण वेगवेगळे असतील तर ‘सॉर्ट’ (चढता क्रम) करून ‘रिव्हर्स’ (उलट) करा: सर्वांत जास्त गुण शून्याच्या कप्प्यात जातात, रिकामा ० दहाव्यात येतो, आणि १ ते १० छापणारा लूप पहिल्या आलेल्या मुलाला वगळून शेवटी ० दाखवतो. कुठलाही एरर नाही. सी-शार्पमधून कोड उतरवतानाही हेच: तिकडच्या १० साठी इकडे ९ लिहावे लागतात, आणि रिकाम्या अ‍ॅरेसाठी चक्क -१.

व्हिज्युअल बेसिकच्या २००५ च्या आवृत्तीत ‘डिम ए(० टू ९)’ लिहायला परवानगी मिळाली. खालचा आकडा ० च हवा, पण वाचणाऱ्याला कप्पे किती ते कळतं. शिकवताना हीच पद्धत वापरावी, आणि लूप ‘० टू यूबाउंड(ए)’ असाच लिहायला लावावा.

मुलांसाठी २००८ मध्ये आलेल्या स्मॉल बेसिकने डिमच काढून टाकलं. कप्प्याचा क्रमांक १ असो, ४७ असो की ‘पुणे’ हा शब्द, चौकोनी कंसात लिहिला की कप्पा तयार. आतून सगळा अ‍ॅरे म्हणजे ‘१=६६;२=७१;’ अशी एक लांब मजकुराची ओळच असते; टेक्स्टविंडोवर छापून पाहिली की दिसते. मर्यादा ओलांडण्याची चूक त्यामुळे संपली, तिच्या जागी दुसरी आली: ‘पुणे’ऐवजी ‘पूणे’ वाचलं तर तक्रार न होता रिकामा मजकूर परत येतो. वाचण्याआधी ‘कंटेन्सइंडेक्स’ने कप्पा आहे का ते तपासावं लागतं. आणि त्याच संपादकातलं ‘ग्रॅज्युएट’ बटण दाबून पुढच्या भाषेत गेलेला विद्यार्थी जिथे पोचतो ती व्हिज्युअल बेसिक डॉटनेट, जिथे ‘डिम ए(१०)’ म्हणजे अकरा कप्पे.