उपासनावर्ष आणि मंडळीचे सेवाकार्य

येशू ख्रिस्ताचा जन्म, मरण, पुनरुत्थान आणि त्यानंतरचे पवित्र आत्म्याचे आगमन या घटनांचे स्मरण वर्षभराच्या रविवारांवर व सणांवर वाटून देणारा ख्रिस्ती कालक्रम म्हणजे उपासनावर्ष. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थानकाळ आणि सामान्यकाळ हे त्याचे मुख्य ऋतू. त्यांचा हवामानाशी संबंध नाही. दक्षिण गोलार्धात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, तरी चर्चमध्ये वाचायची वचने बदलत नाहीत. या कालक्रमाला लागूनच स्थानिक मंडळीचे, म्हणजे एका चर्चच्या सभासदसमूहाचे, दुसरे काम चालते : उपाशी माणसाला जेवण, आजाऱ्याची भेट, एकट्या पडलेल्या वृद्धाची चौकशी, तुरुंगातल्या माणसाला पत्र. या कामाला ग्रीक भाषेत ‘डायकोनिया’ म्हणजे सेवा असा शब्द आहे. डीकन (चर्चमधला सेवेचा पदाधिकारी) हे पदनाम त्याच शब्दापासून आले. अनेक ठिकाणी उपासना आणि सेवा यांची माहिती वेगवेगळी दिली जाते. स्थानिक चर्चमध्ये मात्र त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणून येथे त्यांचा विचार एकत्र केला आहे.

सेवेचा उगम

सेवेसाठी वेगळी माणसे नेमण्याची पहिली नोंद एका तक्रारीतून झाली आहे. जेरुसलेममधल्या पहिल्या मंडळीत विधवांना रोज अन्न वाटले जाई. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकूर सुरू झाली. तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, स्तेफन, फिलिप्प आदी सात जणांना निवडून हे काम सोपवले (बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 6). या सातांची नावे ग्रीक वळणाची आहेत, ही गोष्ट सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हाती वाटप दिले गेले असावे, असे अनेक अभ्यासक त्यावरून मानतात.

प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिले, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या कमाईप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे. तो पैसा जेरुसलेममधल्या गरजूंसाठी होता. रविवार आणि अर्पण यांची गाठ येथे बांधली गेली. साधारण इ.स. 155 च्या सुमारास रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस आणि शेवटी स्वेच्छेने दिलेले दान, असा त्याचा क्रम आहे. हे दान मंडळीच्या प्रमुखाकडे जमा होई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परगावाहून आलेले यांची सोय केली जाई. उपासनेला येऊ न शकलेल्यांकडे डीकन पवित्र भाकर घेऊन जात. आजही घरी पडून असलेल्या आजाऱ्याकडे प्रभुभोजन, म्हणजे हीच पवित्र भाकर, नेले जाते, ते याच वहिवाटीने.

हे काम किती वाढले होते, याचा एक आकडा टिकून आहे. 251 च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस याने एका पत्रात आपल्या चर्चचा हिशेब दिला आहे : 46 याजक, 7 डीकन आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या 1500 हून अधिक विधवा व गरजू. राजसत्तेचे संरक्षण नसलेल्या, अधूनमधून छळ सोसणाऱ्या समाजाने चालवलेली ही व्यवस्था होती.

वर्षाचे चक्र आणि त्यातली सेवा

पाश्चात्त्य (कॅथलिक व प्रॉटेस्टंट) चर्चमध्ये वर्ष आगमनकाळाने सुरू होते. नाताळापूर्वीचे चार रविवार या काळात येतात. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होते, आणि जुने ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या चर्चचा नाताळ आजच्या नागरी पंचांगाप्रमाणे 7 जानेवारीला येतो.

आगमनकाळात बऱ्याच चर्चमध्ये दिसणारे मेणबत्त्यांचे चक्र मुळात सजावटीसाठी नव्हते. योहान हिनरिख विखर्न या जर्मन पाळकाने हॅम्बर्गजवळ रस्त्यावरच्या, निराधार मुलांसाठी 1833 मध्ये एक आश्रयगृह काढले होते. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारत. म्हणून 1839 मध्ये त्याने लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या : रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल. रोज एक पेटवायची आणि उरलेल्या मोजायच्या. आज चर्चमध्ये चार मेणबत्त्या पेटवताना ही मुले आठवावीत, असे मला मनापासून वाटते. उपासनेची एक खूण सेवेच्या घरात जन्मली आणि तिथून वेदीजवळ आली, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

नाताळात मदतीचा ओघ सर्वांत मोठा असतो. कपडे, खेळणी, शिध्याच्या पिशव्या, रुग्णालयात व वृद्धाश्रमात जाऊन म्हटलेली गीते अशा कामांत वर्षभर न दिसणारे सभासदही उत्साहाने उतरतात. 6 जानेवारीच्या प्रकटीकरण सणानंतर मात्र हा ओघ पटकन आटतो. त्याचा विचार पुढे येईल.

उपवासकाळाबद्दल जास्त सांगायला हवे, कारण व्रत आणि दान यांचे नाते इथे सर्वांत खोल आहे. उपवासकाळाचा पहिला दिवस म्हणजे राखेचा बुधवार; तिथपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, 46 दिवस होतात. त्यातले 6 रविवार पुनरुत्थानाचे दिवस म्हणून उपवासात धरत नाहीत, राहतात 40. राखेच्या बुधवारी बायबलमधल्या मत्तयकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. त्यात दान, प्रार्थना आणि उपवास ही तीन कृत्ये याच क्रमाने येतात, आणि तिन्ही गुपचूप करावीत असे सांगितले आहे. उजवा हात काय देतो, हे डाव्या हाताला कळू नये. त्याच आठवड्यात कॅथलिक उपासनेत यशया संदेष्ट्याचा अध्याय 58 वाचला जातो. भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, बेघराला घरात घेणे हाच देवाला आवडणारा उपवास, असे त्यात म्हटले आहे.

हे प्रत्यक्षात कसे करावे, याचा हिशेबी मार्ग दुसऱ्या शतकातच सांगितला गेला. रोममधल्या हर्मस या लेखकाच्या ग्रंथात अशी सूचना आहे, की उपवासाच्या दिवशी जे जेवण घेतले नाही, त्याचा खर्च मोजावा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. उपवासाने वाचलेला पैसा आपल्याच घरात राहिला, तर ती काटकसर झाली. आज पुष्कळ मंडळ्या उपवासकाळाच्या सुरुवातीला घरोघर कागदी डबे देतात आणि ते ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात परत घेतात. त्यामागची कल्पना हीच आहे. जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनी 1958 मध्ये स्थापन केलेली मिझेरिओर ही मदतसंस्थाही उपवासकाळातल्या वर्गणीवरच उभी राहिली.

त्याच सप्ताहातल्या पवित्र गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचे स्मरण करून धर्मगुरू सभासदांचे पाय धुतो. 1955 च्या सुधारणेनंतर कॅथलिक चर्चमध्ये हा विधी संध्याकाळच्या मिस्सेत (भाकर व द्राक्षारसाच्या उपासनेत) करता येऊ लागला, आणि 2016 पासून त्यात स्त्रियांचाही अधिकृतपणे समावेश झाला. त्याच मिस्सेत भाकर व द्राक्षारसाबरोबर गरिबांसाठीचे दान मिरवत वेदीकडे नेण्याची मुभा आहे. वर्षात एकदा का होईना, तांदळाची पिशवी आणि पवित्र भाकर एकाच रांगेतून पुढे जातात. ज्याने हे पाहिले आहे, त्याला सेवा आणि उपासना यांतला संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ईस्टर 21 मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी असतो. पाश्चात्त्य गणनेत तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान पडतो. सर्व चर्चनी तो एकाच रविवारी पाळावा, असा निर्णय बिशपांच्या 325 च्या नायसिया परिषदेत झाला होता. पंचांगाच्या 1582 मधल्या ग्रेगरियन सुधारणेनंतर पूर्व आणि पश्चिमेच्या तारखा पुन्हा वेगळ्या झाल्या. ईस्टरचा दिवस धरून चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, येतो.

हिरवा काळ

त्यानंतर उरतो सामान्यकाळ. वेदीवरची जांभळी, पांढरी, लाल वस्त्रे जाऊन हिरवे वस्त्र चढते आणि महिनोन्महिने तेच राहते. कॅथलिक गणनेत सामान्यकाळाचे दोन्ही तुकडे (एक नाताळकाळानंतर उपवासकाळापर्यंत, दुसरा पेंटेकॉस्टनंतर आगमनकाळापर्यंत) मिळून 33 किंवा 34 आठवडे होतात, म्हणजे वर्षाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग. या काळात मोठे सण थोडे, गर्दी कमी आणि अर्पणाची थैली हलकी. माझ्या मते स्थानिक चर्चच्या सेवेची पारख नाताळात होत नाही; ती याच काळात होते. डिसेंबरमध्ये एका कुटुंबाकडे चार पिशव्या जातात आणि ऑगस्टमध्ये त्याच दाराशी कोणी फिरकत नाही, हा अनुभव सेवेच्या कामात असलेल्या कोणालाही अपरिचित नाही.

उत्साहाच्या लाटेचा हा दोष व्हिन्सेंट डी पॉल या फ्रेंच धर्मगुरूला 1617 मध्येच दिसला. शातियाँ या गावात एका आजारी, विपन्न कुटुंबाबद्दल त्याने प्रवचनात सांगितले आणि त्याच दिवशी गावकऱ्यांची त्या घराकडे रीघ लागली. अन्न इतके आले, की ते खराब झाले असते. पुढे पुन्हा टंचाई होतीच. लोकांच्या दयेत काही कमी नव्हते, व्यवस्था नव्हती. मग त्याने गावातल्या स्त्रियांचे मंडळ बनवले, नियम लिहिले आणि आजाऱ्यांसाठी स्वयंपाक करून नेण्याच्या पाळ्या लावल्या. आज चर्चच्या फलकावर दिसणारी पाळीची यादी त्याच जातकुळीतली आहे. ती दिसायला रूक्ष असते, पण गुरुवारी आजोबांना औषधाला कोण घेऊन जाणार, हे तिच्यावरूनच ठरते.

पाळ्यांशिवाय आणखी काही बारकावे लागतात. अर्पण किमान दोघांनी मिळून मोजावे आणि हिशेब मंडळीपुढे ठेवावा. मदत घेणाऱ्याचे नाव वेदीवरून उच्चारू नये. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली गुप्तता देणाऱ्यासाठी आहे, पण तिची खरी गरज घेणाऱ्याला असते. सभासद आणि बाहेरचा असा भेद वाटपात करू नये, आणि मदतीच्या बदल्यात उपासनेला येण्याची अपेक्षा तर अजिबात ठेवू नये. मुलांबरोबर वा एकट्या वृद्धांबरोबर काम करणाऱ्यांची आधी नीट चौकशी करून त्यांना प्रशिक्षण द्यावे. पुष्कळ चर्चनी हे शहाणपण फार उशिरा आणि दुःखद प्रसंगांनंतर स्वीकारले.

हिरव्या काळाला अधूनमधून उठाव देणारे दिवसही आहेत. पहिल्या पिकाचे अर्पण बायबलइतके जुने असले, तरी चर्चमधला हंगामाचा सण आज ज्या रूपात इंग्रजी परंपरेत साजरा होतो, त्याला 1843 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो येथे रॉबर्ट हॉकर या पाळकाने चालना दिली. वेदीसमोर मांडलेले धान्य आणि भाज्या नंतर गरजूंना वाटतात. शहरी मंडळ्यांत त्याजागी टिकाऊ डबाबंद अन्न येते. दिसायला ते पेंढीइतके सुंदर नसते, पण साठवायला सोपे असते. पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला ‘गरिबांचा जागतिक दिन’ 2017 पासून सामान्यकाळाच्या 33 व्या रविवारी पाळला जातो.

उपासनावर्ष न मानणारी चर्चे

सर्व ख्रिस्ती लोक हा कालक्रम पाळत नाहीत. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या चर्चने सण नाकारले. इंग्लंडच्या संसदेने 1647 मध्ये नाताळ व ईस्टरवर बंदी घातली. आजही अनेक मुक्त (राजमान्य चर्चला न जोडलेल्या) मंडळ्या रविवार सोडून दुसरा दिवस विशेष मानत नाहीत. पण त्यामुळे सेवा थांबली, असे झालेले नाही. कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या जिनिव्हामध्ये 1541 च्या नियमांनी डीकनांचे दोन वर्ग ठरवले : एकाने गरिबांसाठीचा निधी सांभाळायचा, दुसऱ्याने आजाऱ्यांची व गरिबांची प्रत्यक्ष काळजी घ्यायची. सेवेला सणांची अट नाही, हे या परंपरेकडून शिकण्यासारखे आहे. सण पाळणाऱ्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे : माणूस विसरतो, आणि ठरलेल्या दिवशी येणारे ठरलेले वचन त्याला आठवण देते.

वर्षाचा शेवट

उपासनावर्षाचा शेवटचा रविवार ख्रिस्तराजाचा. हा सण पोप पायस अकरावे यांनी 1925 मध्ये सुरू केला. तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (1962–65) सुधारणेत तो वर्षाच्या अखेरीस आला आणि नंतर अनेक प्रॉटेस्टंट चर्चनीही तो स्वीकारला. त्याच सुधारणेत वचनपाठांचे तीन वर्षांचे चक्र ठरले. त्यातल्या पहिल्या वर्षी या दिवशी मत्तयाचा अध्याय 25 वाचतात. राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, बंदिशाळेत होतो. ऐकणारे विचारतात, प्रभू, आम्ही तुला असे केव्हा पाहिले? या सहा गरजांपैकी एकीलाही महिना किंवा तिथी जोडलेली नाही. त्यानंतरच्या रविवारी हिरवे वस्त्र उतरते, जांभळे चढते, आणि चक्रावरची पहिली मेणबत्ती पेटते.