कपाटं हलली आणि मागे खिडकी निघाली

मागच्या वर्षी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या हिशेबाच्या ऑफिसच्या नव्या मांडणीचं काम माझ्याकडे होतं. भिंतीला चिकटून चार लोखंडी कपाटं, फायली सगळ्या स्कॅन झालेल्या, म्हणून मिस्त्रीने ती ओढून काढली तर मागे अख्खी सागवानी खिडकी, कड्यासुद्धा शाबूत! तिथे खिडकी आहे हे मालकांच्या लक्षातच नव्हतं. तेव्हापासून माझं पक्कं मत झालंय की ऑफिस कसं असावं हे आजवर माणसांपेक्षा कागदानेच जास्त ठरवलंय.

आपल्या बडोद्यातच बघा ना. गायकवाडी कारभाराचं जुनं दप्तर मोडी लिपीत, कापडी रुमालांत बांधलेलं, आणि कारकून गादीवर मांडी घालून, पुढ्यात उतरतं लाकडी डेस्क. मांडवी भागातल्या पेढ्यांवरही तीच बैठक, फक्त रुमालांच्या जागी लाल चोपडे, म्हणजे हिशेबाच्या वह्या. मग टेबल-खुर्ची आली, बँक ऑफ बडोदा १९०८ सालची, बँकांची जाडजूड लेजरं काही मांडीवर घेऊन लिहिता येत नाहीत. गोदरेज १९२३ पासून स्टीलची कपाटं बनवायला लागली आणि पुढे सगळीकडे भिंती कपाटांनीच भरल्या, उजेड गेला, दिवसा ट्यूबलाइट.

हा प्रश्न तिकडेही होताच. अमेरिकेत बफेलोला फ्रँक लॉइड राइटने १९०६ मध्ये लार्किन कंपनीची बिल्डिंग पुरी केली, टपालाने साबण विकणारी कंपनी, रोज पत्रांचा ढीग. त्याने फायलींची कपाटं भिंतीतच बसवली, खिडक्या त्यांच्या वर घेतल्या आणि मधल्या उंच चौकातून वरचा उजेड खाली आणला. मला हे फार आवडतं. पुढे १९६८ ला रॉबर्ट प्रॉप्स्टने हर्मन मिलर कंपनीसाठी हलवता येणाऱ्या पार्टिशनची सिस्टिम काढली, त्याचं म्हणणं असं की ड्रॉवरमध्ये गेलेला कागद माणूस विसरतो, म्हणून तो डोळ्यांसमोर उभा हवा. त्याला पार्टिशनं १२० अंशांत, ऐसपैस उघडी हवी होती पण कंपन्यांनी जागा वाचवायला ती ९० अंशांत जोडली आणि क्युबिकल झालं.

कॉम्प्युटर आला तेव्हा तर अजून गंमत, त्याच्यासाठी एसी, एसीसाठी फॉल्स सीलिंग, काचेची खोली, आणि बाहेर चपला काढून आत जायचं, अगदी देवघरासारखं. जुना मॉनिटर मागे एवढा लांब असायचा की टेबलाचा कोपराच लागायचा, म्हणून ती एल आकाराची टेबलं. स्क्रीन चपटा झाला तसं टेबल सरळ झालं, त्याची पुढून मागची रुंदी अडीच फुटांवरून दोनवर आली आणि त्याच हॉलमध्ये जास्त माणसं मावायला लागली. ओपन ऑफिसच्या फॅशनमागे हे सुताराचं गणितही आहे, ते कोणी बोलत नाही. आणि सगळे उघड्यावर बसले की गप्पा वाढतात म्हणावं, तर २०१८ मध्ये हार्वर्डच्या बर्नस्टाइन आणि टर्बन यांनी मोजून दाखवलं की भिंती काढल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, लोक मेसेज करायला लागले.

मग २०२० चा लॉकडाउन, कागद घरी नेता येईना म्हणून उरलंसुरलं सगळं स्क्रीनवर गेलं आणि भिंती खरोखरच मोकळ्या झाल्या. त्या भिंतींत उजेड-वारा आणण्याचं काम आपल्या बडोद्याचे आर्किटेक्ट करण ग्रोव्हर यांनी आधीच करून ठेवलंय, हैदराबादचं सीआयआय गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर, मधला चौक, जाळ्या, सगळं आपलंच जुनं, आणि २००३ ला अमेरिकेबाहेरचं पहिलं लीड प्लॅटिनम, म्हणजे पर्यावरणस्नेही इमारतींचं सर्वात वरचं मानांकन, त्यालाच मिळालं.

दांडिया बाजारातल्या त्या खिडकीला आम्ही फक्त पॉलिश केलं. तिच्याखाली आता लांब बाक आहे, आर्टिकलशिपची, म्हणजे सीएचं प्रशिक्षण घेणारी मुलं लॅपटॉप घेऊन तिथेच बसतात, आणि फोनवर बोलायला कोपऱ्यात एक छोटी काचेची खोली. कपाट एकच ठेवलं, त्यात दिवाळीला पूजायचा चोपडा असतो.